जुनी, कमी चालणारी, जवळच्या फेऱ्यांची गाडी: देखभाल कोणत्या क्रमाने करायची

"गाडी चाललीच कुठे? वर्षाला दोन हजार किलोमीटरसुद्धा नाही. मग सर्व्हिसिंग कशाला?" आमच्या सोसायटीत हे वाक्य मी दर महिन्याला कुणाकडून तरी ऐकतो. बोलणारी मंडळी निष्काळजी नसतात. गाडी पुसलेली असते, कागद फायलीत असतात, काचेवर ओरखडा नसतो. तरीही बॅटरी दर दोन वर्षांनी जाते, ब्रेक चिकटतात, सायलेन्सर सडतो आणि एक दिवस गॅरेजवाला मोठं बिल हातात ठेवतो.

मंडई, बँक, दवाखाना, नातवाची शाळा अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर चांगले तापले तर ही वाफ बाहेर पडते. नाही तापले तर तिचं पाणी होऊन सायलेन्सरमध्ये साचतं आणि थोडं ऑइलमध्येही उतरतं. शिवाय रबर, ब्रेक ऑइल, कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) आणि बॅटरी या गोष्टी गाडी उभी असतानाही म्हाताऱ्या होतात. म्हणून अशा गाडीचं वेळापत्रक महिन्यांवर आणि वर्षांवर बसवायचं, किलोमीटरच्या काट्यावर नाही.

पुढे दिलेला क्रम मुद्दाम तसा आहे. थंड गाडीवर करायची कामं आधी, मग ब्रेक, मग गाडी तापवून ऑइल, त्यानंतर बाकीचं. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात आणि तिथेच फसतात.

## टप्पा १: वही, मॅन्युअल आणि सहा तारखा

गाडीला हात लावायच्या आधी एक साधी वही घ्या. डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल बाहेर काढा. ते हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळतं. मग पहिल्या पानावर सहा तारखा लिहा:

1. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर शेवटचे कधी बदलले.
2. ब्रेक ऑइल कधी बदललं.
3. कूलंट कधी बदललं.
4. बॅटरी कधी घेतली. वॉरंटी कार्डावर किंवा बॅटरीवरच्या स्टिकरवर सापडेल.
5. प्रत्येक टायर कधी बनला. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे. २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३वा आठवडा. स्टेपनीचाही आकडा बघा, तीच सगळ्यात जुनी निघते.
6. इंजिनला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडणारा-मिटणारा पट्टा) आहे की चेन, आणि बेल्ट असेल तर तो कधी बदलला.

तारीख आठवत नसेल आणि बिलही नसेल, तर ते काम झालेलं नाही असं धरून चाला. "बहुतेक मागच्या वर्षी केलं होतं" हे वहीत लिहू नका.

सहाव्या तारखेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ही चूक महागात पडते. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांना चेन आहे, तिला ठरावीक मुदतीने बदलावं लागत नाही. ह्युंदाईच्या जुन्या १.१ लिटर सँट्रोला रबराचा बेल्ट आहे. बेल्टची मुदत मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्ही हिशेबांनी असते, आणि आधी जी भरेल ती लागू होते. माझी आधीची गाडी तेरा वर्षांत चाळीस हजारही चालली नव्हती. बेल्टच्या रकान्यातला किलोमीटरचा आकडा फार लांब होता म्हणून मी शेजारचा वर्षांचा आकडा वाचलाच नाही. सिंहगड रस्त्यावर सिग्नलहून निघताना बेल्ट तुटला, व्हॉल्व्ह वाकले आणि इंजिन उघडावं लागलं. तेव्हापासून कुणाचीही गाडी बघताना मी पहिला प्रश्न बेल्टचा विचारतो.

वहीच्या दुसऱ्या पानावर कागदांच्या तारखा लिहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून फॉर्म २५ भरता येतो. "पंधरा वर्षं झाली, आता भंगारात" हा समज दिल्ली परिसरातल्या नियमांच्या बातम्यांमुळे पसरला आहे. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली तर चालवता येते. पीयूसी बीएस-४ (प्रदूषणाचं मानक) आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षाची मिळते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची.

## टप्पा २: सकाळची थंड तपासणी

गाडी रात्रभर उभी राहिलेली हवी. आदल्या संध्याकाळी दूध आणायलासुद्धा नेऊ नका. किल्ली लावायच्या आधी पुढची कामं याच क्रमाने करा.

1. खाली वाकून जमीन बघा. गाडी थोडी ढकलून पुढे घ्या किंवा आदल्या रात्री खाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. काळा किंवा तपकिरी डाग म्हणजे इंजिन ऑइल. हिरवा, गुलाबी किंवा निळसर चिकट डाग म्हणजे कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेक ऑइलचा संशय घ्या आणि गाडी जागची हलवू नका.

2. बॅटरीचं व्होल्टेज मोजा. साधा मल्टिमीटर पुरतो. १२.६ किंवा जास्त असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२च्या खाली असेल तर ती जवळपास रिकामी आहे आणि तशीच पडून राहिली तर कायमची खराब होईल. हे माप गाडी सुरू करायच्या आधीचंच खरं असतं.

3. टायरची हवा. किती हवी ते चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या बाजूला छापलेला कमाल आकडा भरायचा नसतो. पायाने दाबायचा हवेचा पंप घरी असेल तर इथेच भरा, कारण पेट्रोल पंपापर्यंत जाईतो टायर तापतो आणि माप चढं दिसतं.

4. कूलंटची पातळी. प्लॅस्टिकच्या टाकीवर दोन रेघा असतात, त्यांच्या मधे हवी. वर्षभरात किंचित उतरणं चालतं, महिन्यात उतरत असेल तर गळती आहे.

5. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी. बाहेर काढा, पुसा, परत घाला, मग वाचा. पातळी दोन खुणांच्या मधे हवी. कमी चालणाऱ्या गाडीत बरेचदा उलटंच दिसतं: पातळी *वाढलेली* असते आणि वासाला पेट्रोल येतं. न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरल्याची ही खूण आहे. "ऑइल अजून भरपूर आहे" असं समजून आनंद मानू नका, ते पातळ झालेलं आहे.

6. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेची २०१२ सालची छोटी पेट्रोल गाडी आहे, ३१ हजार किलोमीटर चाललेली. तिचं झाकण उघडलं तेव्हा आतून साईसारखा पिवळट-पांढरा थर लागला होता, बोटाने निपटला तर निघेल असा. बाई घाबरल्या, कारण त्यांना कुणीतरी हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेल्याचं सांगितलं होतं.

तपासणी: असा थर फक्त झाकणाला असेल, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट उतरत नसेल, तर ते छोट्या फेऱ्यांत साचलेलं पाणी आहे. डिपस्टिकवरही दुधी ऑइल दिसलं किंवा कूलंट सारखं कमी होत असेल, तर मात्र गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा. त्या बाईंच्या गाडीचं कूलंट काठोकाठ होतं. दोनदा ऑइल बदललं आणि दर रविवारची लांब फेरी सुरू केली, तो थर परत धरला नाही.

यानंतर गाडी सुरू करा आणि कान द्या. सेल्फ जड फिरतो का, पहिल्या दोन-तीन सेकंदांत इंजिनात टकटक येते का, फॅनबेल्ट किंचाळतो का, हे थंड इंजिनावरच कळतं. गाडी गॅरेजला पोहोचते तोवर ही लक्षणं गेलेली असतात आणि मेकॅनिक म्हणतो, "काही नाही हो, मस्त आहे." म्हणून ऐकलं तसं वहीत लिहा.

## टप्पा ३: ब्रेक, आणि तेही ऑइल बदलण्याच्या आधी

इंजिन तापवायला गाडी पाऊण तास बाहेर न्यायची आहे. त्याआधी ती थांबते याची खात्री हवी.

उभ्या गाडीत इंजिन सुरू ठेवून ब्रेक दाबून धरा. पॅडल घट्ट हवं. स्पंजासारखं मऊ लागलं तर लाइनमध्ये हवा किंवा खराब ब्रेक ऑइल आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर (पॅडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा भाग) खराब आहे किंवा गळती आहे. या दोन्हींत बाहेर पडू नका.

मग पार्किंगमध्येच चालत्या माणसाच्या वेगाने चारदा ब्रेक मारून बघा. चार-पाच दिवस पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज येतो आणि पहिले काही ब्रेक खरखरतात. ते नेहमीचं आहे, दोन-तीन वेळा ब्रेक लावले की डिस्क घासून स्वच्छ होते. खरखर किलोमीटरभरानंतरही राहिली तर पॅड काढून बघावे लागतील.

कमी चालणाऱ्या गाडीत ब्रेकचे लायनर झिजत नाहीत, ब्रेक जाम होतात. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना गंजतात, मागच्या ड्रममध्ये धूळ आणि ओल बसते, हँडब्रेकची केबल अडकते. ओळखायचं कसं? पाच-सहा किलोमीटर जाऊन या, थांबा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हाताचा तळवा न्या. डिस्कला किंवा ड्रमला हात लावू नका, पोळेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथला ब्रेक सुटत नाही.

1. वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, चारही चाकं काढून ब्रेक साफ करून घ्या आणि कॅलिपरच्या पिनांना योग्य ग्रीस लावून घ्या. "लायनर जाड आहेत, काढायची गरज नाही" असं उत्तर आलं तरी काढून घ्या.
2. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी एक किलोमीटर चालली असली तरी. ते हवेतली ओल शोषून घेतं. ओलसर ब्रेक ऑइल घाटात उतरताना उकळतं आणि पॅडल पोकळ जातं, शिवाय पाइप आतून गंजतात.
3. ब्रेक ऑइल डॉट ३ प्रकारचं की डॉट ४, ते त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. मागच्या वर्षीची अर्धवट बाटली वापरू नका.

सावधान: ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं. लगेच भरपूर पाण्याने धुवा.

## टप्पा ४: गाडी तापवून मगच ऑइल

पुष्कळ लोक गाडी सकाळी गॅरेजच्या दारात लावून येतात आणि मेकॅनिक थंड इंजिनाचं ऑइल काढतो. थंड ऑइल जाड असतं, गाळ तळाशी बसलेला असतो आणि तो तिथेच राहतो. म्हणून ऑइल बदलायच्या दिवशी आधी अर्धा-पाऊण तास गाडी चालवा आणि तशीच गॅरेजला न्या. मेकॅनिकला आधी फोन करून सांगा, म्हणजे ती दुपारपर्यंत रांगेत उभी राहून गार होणार नाही.

किती दिवसांनी? मॅन्युअलमध्ये बहुधा "१० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते" असं असतं. ते साधारण वापरासाठी. मॅन्युअलमध्येच मागे खडतर वापराचं वेगळं कोष्टक असतं आणि वारंवार छोट्या फेऱ्या मारणं त्यात मोडतं. निव्वळ दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर मी सहा महिन्यांनी बदलतो. आठवड्याची लांब फेरी नियमाने होत असेल तर वर्षातून एकदा पुरतं, पण तेही पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात.

कामाचा क्रम असा:

1. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, मग खालचा नट उघडा. धार संपून थेंब थेंब होईपर्यंत राहू द्या. घाई करू देऊ नका.
2. नटाचा वॉशर नवीन टाका. जुना वॉशर चपटा झालेला असतो आणि तिथूनच झिरपायला लागतं.
3. ऑइल फिल्टर प्रत्येक वेळी बदला. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटाने ऑइल लावा आणि हातानेच आवळा.
4. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी ऑइल भरा. इंजिन मिनिटभर चालवा, बंद करा, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा, मग लागेल तेवढं घाला. वरच्या खुणेच्या वर गेलं तर ऑइल फेसाळतं आणि सील फुटतात.
5. ऑइलची ग्रेड मॅन्युअलमध्ये आहे तीच. "गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाका" हा सल्ला खूप ऐकायला मिळतो. इंजिन ऑइल पीत नसेल तर तो ऐकू नका. छोट्या फेऱ्यांत इंजिन थंड असतानाच जास्त चालतं आणि जाड ऑइल वरपर्यंत पोहोचायला उशीर लावतं.

सावधान: इंजिन फ्लशचा (आतला गाळ धुणाऱ्या द्रवाचा) डबा बिलात घुसवला जातो. वर्षानुवर्षं गाळ धरलेल्या जुन्या इंजिनात तो गाळ एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो. त्यापेक्षा साधं, योग्य ग्रेडचं ऑइल टाका आणि तीन महिन्यांनी पुन्हा बदला. दोन वेळच्या ऑइलने इंजिन हळूहळू आणि सुरक्षितपणे स्वच्छ होतं.

तपासणी: गॅरेजमधून निघताना नट आणि फिल्टरखाली बोट फिरवून बघा. घरी आल्यावर रात्री परत पुठ्ठा ठेवा.

## टप्पा ५: कूलंट, रबर आणि टायर

कूलंटमध्ये गंज रोखणारं द्रव्य असतं आणि ते काळानुसार संपतं. रंग हिरवागार दिसतो म्हणून ते ठीक आहे असं नाही. मॅन्युअलमधल्या वर्षांप्रमाणे पूर्ण बदला. वरून भरताना नळाचं किंवा बोअरचं पाणी घालू नका, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. तयार कूलंट घाला, किंवा घट्ट कूलंटमध्ये डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळून. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही.

रबरासाठी वर्षातून एकदा बॉनेट उघडून उजेडात बसा. होजपाइप दाबून बघा: दगडासारखा कडक किंवा पिचपिचीत मऊ, दोन्ही वाईट. फॅनबेल्टला आडव्या चिरा असतील तर बदला. गाडी जॅकवर असताना पुढच्या चाकांमागचे रबरी बूट बघून घ्या. फाटलेला बूट वेळीच बदलला तर काम थोडक्यात आटोपतं. ग्रीस उडून आत माती गेली की पूर्ण एक्सल जातो.

टायरच्या बाबतीत नक्षी फसवते. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते आणि तुमच्या टायरला ती सहा मिलिमीटर असेल, पण रबर दहा वर्षांचं असेल. सहाव्या वर्षापासून दर वर्षी बाजूच्या चिरा तपासा आणि दहा वर्षांच्या पुढे कितीही चांगला दिसला तरी टायर काढा. ओल्या रस्त्यावर कडक झालेलं रबर पकडत नाही.

स्पार्क प्लग दोन वर्षांतून एकदा काढून बघा. काळे, काजळी धरलेले असतील तर छोट्या फेऱ्यांचा परिणाम आहे. ते साफ करण्यापेक्षा नवीन घाला.

## टप्पा ६: बॅटरी

सेल्फ मारताना बॅटरीतून एकदम मोठा प्रवाह जातो. तो भरून यायला चालत्या गाडीत बराच वेळ लागतो आणि त्यात एसी, लाइट, वायपर चालू असतील तर आणखी. दोन किलोमीटरच्या फेरीत जेवढं खर्च झालं तेवढं परत येत नाही. असं रोज झालं की बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते आणि आतल्या प्लेटांवर कडक थर धरतो. म्हणूनच "बॅटरी कंपनी वाईट" असं म्हणून कंपनी बदलली तरी पुढची बॅटरीही दोन वर्षांतच जाते.

1. महिन्यातून एकदा सकाळी व्होल्टेज मोजा आणि वहीत लिहा. १२.४च्या खाली दिसलं की चार्ज करा.
2. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. त्यापेक्षा कमी असेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, आधी अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र) तपासा.
3. पार्किंगमध्ये प्लग असेल तर आपोआप बंद होणारा छोटा चार्जर घ्या. माझ्या मते अशा गाडीसाठी यापेक्षा उपयोगी खरेदी दुसरी नाही.
4. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी आली असेल तर आधी वजा बाजू सोडा, मग अधिक. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा. जोडताना आधी अधिक, शेवटी वजा. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.
5. पाणी घालायची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड घालायचं नाही.

दुसऱ्या गाडीवरून सुरू करायची वेळ आली तर केबल लावायचा क्रम: लाल केबल आधी बंद बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या वजाला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेऊ शकतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्याजवळ पडू द्यायची नाही.

## टप्पा ७: आठवड्याची फेरी

सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. रोज सकाळी गाडी पार्किंगमध्ये दहा मिनिटं सुरू करून ठेवायची आणि बंद करायची. मनाला बरं वाटतं, पण गाडीचं नुकसान होतं. उभ्या गाडीत इंजिन फार सावकाश तापतं, थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, ते पूर्ण जळत नाही, प्लगवर काजळी आणि सायलेन्सरमध्ये पाणी जमतं. बॅटरीही भरत नाही. गिअरबॉक्स, ब्रेक, टायर तर हललेच नाहीत. बंद गॅरेजमध्ये तर हा प्रकार जिवावर बेततो, धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

त्याऐवजी आठवड्यातून एकदा, फार तर दहा दिवसांनी, २५-३० किलोमीटर सलग चालवा. कोथरूडमधले आम्ही काही जण रविवारी सकाळी सातच्या आत पौड रस्त्याने पिरंगुटपर्यंत जाऊन परत येतो. रस्ता मोकळा असतो, थोडा चढ लागतो आणि गाडी तापते.

1. सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग निघा. पहिले तीन-चार किलोमीटर हळू, इंजिन न ताणता.
2. पाण्याचा काटा मधे आला किंवा थंड इंजिनाचा निळा दिवा गेला म्हणजे ऑइल तापलं असं नाही. त्याला आणखी दहा-पंधरा मिनिटं लागतात. तिथून पुढची वीस मिनिटं खरी कामाची.
3. तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ खालच्या गिअरमध्ये इंजिन जरा जास्त फिरू द्या.
4. दहा मिनिटं एसी लावा, डिसेंबरातही. कॉम्प्रेसरच्या सीलना त्यामुळे ऑइल मिळतं. घर दोन-तीन मिनिटांवर आल्यावर एसी बंद करून पंखा चालू ठेवा, म्हणजे आतली ओल वाळते आणि कुबट वास येत नाही.
5. मागे मोकळं असताना दोन-तीनदा जरा दाबून ब्रेक लावा.

तपासणी: निघताना सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब पडतात. परत आल्यावर ते थांबलेले हवेत. अजून पडत असतील तर फेरी कमी झाली.

आठवड्यातली कामंही एकत्र करा. सकाळी बँक, दुपारी किराणा, संध्याकाळी दवाखाना अशा तीन थंड सुरुवातींपेक्षा एका फेरीत तिन्ही उरका.

डिझेल गाडी असेल तर एक स्पष्ट मत: नुसत्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी ती ठेवू नये. काजळी ईजीआरमध्ये (धूर परत इंजिनात फिरवणारा भाग) साचते, आणि बीएस-६ डिझेलचा काजळीचा फिल्टर लांब फेरीशिवाय साफ होत नाही.

## टप्पा ८: टाकीतलं इंधन

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि एप्रिल २०२३ आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. इथेनॉल ओल शोषतं आणि जुन्या रबराला त्रास देतं. महिन्याला शंभर किलोमीटर चालणाऱ्या गाडीची ३५ लिटरची टाकी गच्च भरली तर तेच पेट्रोल चार-पाच महिने पडून राहतं. उलट रिझर्व्हवर ठेवलं तर मोकळ्या जागेत ओल धरते आणि टाकीत बुडून गार राहणारा, इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप तापतो. म्हणून टाकी पाव ते अर्धी ठेवा आणि दर महिन्याला थोडं ताजं पेट्रोल घाला. पेट्रोलच्या पाइपवर दर सर्व्हिसिंगला नजर टाकायला सांगा. बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर तो पाइप त्याच दिवशी बदला.

सीएनजी गाडीवाले इथे हमखास चुकतात. गॅसवर गाडी चालते, पेट्रोल मात्र वर्षभर तेच. महिन्यातली एक लांब फेरी पूर्ण पेट्रोलवर करा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्टही (दाबाची चाचणी) वहीत लिहा.

## टप्पा ९: पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात

पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या जाळीत गुलमोहराची बारीक पानं साचतात आणि पाणी जायची वाट बुजते. मग पाणी डॅशबोर्डखालून पायाशी उतरतं. मे अखेरीस ती जाळी हाताने साफ करा आणि एक तांब्या पाणी ओतून बघा, ते चाकामागून खाली पडलं पाहिजे. दाराच्या खालच्या कडेची भोकंही काडीने मोकळी करा.

ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. प्लॅस्टिकच्या कव्हराखाली वाफ कोंडते आणि पत्रा आतून गंज धरतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात खारी हवा असल्याने पाऊस संपल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घेणं फार महत्त्वाचं. आधीच गंजलेल्या पत्र्यावर काळं कोटिंग मारलं तर गंज झाकला जातो आणि आत वाढत राहतो. आधी खरवडून प्राइमर, मग कोटिंग.

उंदीर कोरड्या, उबदार जागेसाठी बॉनेटखाली येतात. तंबाखू, डांबरगोळ्या यांचा परिणाम दोन-चार दिवसच टिकतो, असा माझा अनुभव. गाडीत खाण्याचा एक कणही न ठेवणं, कचऱ्याच्या डब्यापासून लांब लावणं, हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बसवणं आणि दर तिसऱ्या दिवशी बॉनेट उघडून बघणं, यांनी फरक पडतो.

## टप्पा १०: महिनाभर बाहेरगावी जाताना, आणि आल्यावर

जाताना: लांब फेरी मारून गाडी पूर्ण वाळवा. टायरमध्ये हवा दोन-तीन पौंड जास्त भरा, नाही तर एकाच जागी दबून चपटे होतात. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये लावा, चाकांना पुढून-मागून विटा द्या आणि हँडब्रेक *खाली* ठेवा. ओढलेला हँडब्रेक महिन्याभरात ड्रमला चिकटतो. ऑटोमॅटिक असेल तर पी आणि विटा. चार्जर नसेल तर बॅटरीची वजा बाजू सोडून ठेवा. शेजाऱ्याला किल्ली देऊन "रोज पाच मिनिटं सुरू करा" असं सांगू नका. सांगायचंच तर अर्ध्या तासाची एक फेरी मारायला सांगा.

आल्यावर किल्ली लावायच्या आधी बॉनेट उघडा. एअर फिल्टरचा डबाही उघडा: उंदराचं घरटं बहुधा तिथेच असतं, चिंध्या, कागद आणि सोफ्यातला कापूस. वायरी कुरतडलेल्या आहेत का बघा. मग जमीन, बॅटरी, हवा, कूलंट, डिपस्टिक, टप्पा २ प्रमाणे. चाकांच्या विटा काढा. नंतर सुरू करून गाडी दोन फूट पुढे घ्या आणि ब्रेक दाबा. मागचं चाक फिरलं नाही तर रेस वाढवून ओढू नका. हलकं मागे, हलकं पुढे करून बघा. टक् असा आवाज होऊन सुटलं तर ठीक. नाही सुटलं, तर चाक काढून ड्रमवर बाहेरून लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोके द्यायला मेकॅनिकला घरीच बोलवा.